अनुदान संपल्यावर फोनचं बिल कोण भरणार?

मी हिशोब बघते. सांगली, मिरज आणि जत भागातल्या लहान ट्रस्टची आणि काही नव्या कंपन्यांची खाती लिहायची, अनुदानाचा हप्ता आला की खर्च त्या त्या ओळीत बसवायचा, युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसा कशावर खर्च झाला याचा दाखला, तयार करून सीएंकडं सहीला न्यायचं, हे माझं काम. आरोग्याच्या ॲपला, फोनवरच्या सल्ल्याला, खिशात मावणाऱ्या तपासणी यंत्राला जगभरातून पैसा कसा येतो, हे मला बातम्यांतून नाही, व्हाउचरांतून कळत गेलं.

हल्ली इंजिनिअरिंगची मुलं विचारायला येतात. "मॅडम, आरोग्याचं ॲप केलंय, फंडिंग कुठं मिळंल?" त्यांच्या हातात बहुतेक वेळा इंटरनेटवरून उतरवलेली पन्नास-साठ नावांची यादी असते. निम्म्या ठिकाणी मुदत गेलेली, उरलेल्यांत अर्ज करायला आपली संस्था बसत नाही. प्रत्येकाला समोर बसवून मी तेच सांगते, म्हणून आज एकदा नीट लिहून काढते.

आधी मुद्दा. पैसा आहे, आणि सांगलीच्या मुलांना तो मिळू शकतो. पण त्यातला जवळजवळ सगळा पैसा नवीन काहीतरी उभं करायला असतो. उभं राहिलेलं पुढं चालू ठेवायला फार थोडे जण देतात. आमच्या भागात बोअर मारायला अनुदान मिळतं, पण मोटारीचं वीजबिल ज्याचं त्यानंच भरायचं असतं, तसंच हे. अर्ज भरायला बसण्याआधीच तिसऱ्या वर्षाचं बिल कोण भरणार याचं उत्तर शोधायला हवं, आणि ते उत्तर बहुतेक वेळा आपल्याच जिल्ह्यात असतं.

हे मी जतच्या एका कामावरून सांगते. तिथले हिशोब मी पहिल्या दिवसापासून लिहिलेत. जत हा सांगली जिल्ह्यातला सगळ्यात मोठा तालुका. गाव म्हणजे नुसतं गावठाण नाही, लांब लांब विखुरलेल्या वस्त्या. उमदी, संख या बाजूला घरात कन्नड आणि बाजारात दोन्ही भाषा. दसरा-दिवाळी झाली की कित्येक घरं कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. कुणी वाळव्याला, कुणी शिरोळला, कुणी कर्नाटकातल्या कारखान्यावर. बाई गरोदर असली तरी टोळीबरोबर जाते. तिची नोंद उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये राहते आणि ती दुसऱ्याच तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या फडात असते. तिकडच्या सिस्टरला तिचं हिमोग्लोबिन किती होतं, आधीचं बाळंतपण कसं झालं, काही ठाऊक नसतं.

एका ट्रस्टच्या डॉक्टरांनी आणि सांगलीतल्या दोन इंजिनिअर मुलांनी यावर साधा मार्ग काढला. आशाताईंनी बाईची नोंद करायची. मग आठवड्यातून एकदा तिच्या फोनवर रेकॉर्ड केलेला निरोप जाणार, मराठीत किंवा कन्नडमध्ये, तिच्या महिन्याप्रमाणं. शेवटी विचारणार: डोकं फार दुखतंय का, पायावर सूज आहे का, अंगावरून जातंय का. तिनं एक आकडा दाबला की डॉक्टरांना आणि आशाताईंना लगेच कळणार. टोळी कुठंही गेली तरी नंबर तोच. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको. वाचता येत नसलं तरी अडत नाही.

या कामात खरा पैसा कुठं लागला, ते ऐका. सॉफ्टवेअर मुलांनी पटकन बनवलं. कन्नड निरोप पहिल्यांदा पुस्तकी कन्नडमध्ये रेकॉर्ड झाले होते आणि बायका मधेच फोन ठेवायच्या. संखकडच्या घरात बोलतात ती बोली वेगळी. मग इथल्याच एका सिस्टरच्या आवाजात सगळं पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं. सकाळी फोन केला तर फोन नवऱ्याच्या खिशात आणि नवरा फडात. म्हणून वेळ बदलून संध्याकाळची, जेवणाआधीची केली. एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८च्या नियमानुसार पाठवणाऱ्याचं नाव आणि प्रत्येक मजकुराचा नमुना टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मराठीचा वेगळा, कन्नडचा वेगळा, आणि एक शब्द बदलला तरी पुन्हा. आशाताईंना वस्तीवर जायला पेट्रोल लागतं. यातलं एकही काम अनुदानाच्या मूळ अंदाजपत्रकात नव्हतं. त्यात होतं सॉफ्टवेअर, टॅबलेट, प्रशिक्षणाचा एक दिवस आणि अंतिम अहवाल.

तरीही काम चाललं. मग मार्च आला, अनुदानाची मुदत संपली. देणाऱ्या संस्थेनं अहवाल वाचून कौतुकाचं पत्र पाठवलं आणि त्यांचा पुढचा विषय वेगळा असल्याचं कळवलं. महिन्याचं फोनचं बिल थकलं आणि कॉल बंद पडले. पाचव्या महिन्यातल्या बाईला पाचव्यापर्यंतच निरोप मिळाले. संखकडच्या एका आशाताईंचा मला फोन आला, "ताई, फोन का यीना झालाय? बायका मला इचारत्यात, मी काय सांगू?" नोंद करताना त्यांनी स्वतःच्या तोंडानं बायकांना शब्द दिला होता. गावात शब्द त्यांचा जातो, देणाऱ्या संस्थेचा नाही. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त लागलं ते हे.

ही गोष्ट जतपुरती नाही. आफ्रिकेत युगांडामध्ये दहा-पंधरा वर्षांपूर्वी मोबाइलवरच्या आरोग्य प्रकल्पांचं इतकं पेव फुटलं की २०१२च्या जानेवारीत तिथल्या आरोग्य मंत्रालयाला नवे प्रकल्प थांबवण्याचा आदेश काढावा लागला. प्रत्येक देणगीदाराचा स्वतंत्र पायलट म्हणजे छोटा प्रायोगिक प्रकल्प, स्वतंत्र सॉफ्टवेअर, स्वतंत्र फॉर्म. एकाची माहिती दुसऱ्याला मिळेना आणि त्याच आरोग्य कर्मचाऱ्यांनी सगळीकडं भरायची. मंत्रालयानं सांगितलं, आधी आमच्याशी बोला, आमच्या यंत्रणेला जोडलं जाईल असं करा, मग सुरू करा. तो आदेश मला फार शहाणपणाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०१९मध्ये डिजिटल आरोग्यावरची आपली पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही हेच ठासून सांगितलंय की मोबाइल किंवा सॉफ्टवेअर हे चालत्या आरोग्य व्यवस्थेला पर्याय होऊ शकत नाही.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत. गरोदर बायकांना आठवड्याला फोनवर निरोप देणारी 'किलकारी' सेवा आधी बिहारमध्ये बीबीसी मीडिया ॲक्शननं गेट्स फाउंडेशनच्या पैशातून उभी केली. जानेवारी २०१६मध्ये केंद्र सरकारनं ती देशपातळीवर सुरू केली. चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत ७२ निरोप. पुढं मुंबईची 'अरमान' ही संस्था ती चालवण्यात सरकारबरोबर आली. दक्षिण आफ्रिकेत २०१४च्या ऑगस्टमध्ये आरोग्य खात्यानं 'मॉमकनेक्ट' सुरू केलं, ११ भाषांत. दोन्हीकडं बाहेरचा पैसा होता, पण मालक सरकारचं आरोग्य खातं होतं. म्हणून देणगीदार बदलले तरी सेवा टिकली.

आता पैसा कुठं आहे ते सांगते. सगळी नावं देणार नाही. ज्यांची कागदपत्रं मी पाहिलीत किंवा ज्यांचे नियम मी नीट वाचलेत, तेवढीच.

इथून सुरुवात करायची असेल तर माझ्या मते पहिलं दार बायरॅकचं. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०१२मध्ये ही संस्था उभी केली. तिची बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट, सगळे तिला 'बिग' म्हणतात, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत देते. कंपनीतला हिस्सा मागत नाही. नेमानं दोन फेऱ्या असतात, १ जानेवारी आणि १ जुलैला उघडणाऱ्या. नाव जैवतंत्रज्ञानाचं असलं तरी वैद्यकीय उपकरणं आणि डिजिटल आरोग्य यांच्या कल्पनाही त्यात येतात. आपल्याला सोयीचं म्हणजे पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं, नव्या कंपन्यांना आधार देणारं व्हेंचर सेंटर त्यांच्या भागीदार संस्थांपैकी एक आहे. स्वारगेटची एसटी पकडा आणि अर्ज भरण्याआधी तिथल्या माणसांना जाऊन भेटा. फॉर्मवर जे समजत नाही ते तासाभराच्या बोलण्यात समजतं. एक लक्षात ठेवा. पैसे हप्त्यानं येतात आणि पुढचा हप्ता ठरवलेला टप्पा गाठल्यावरच. मधल्या काळात मुलांचा पगार कुठून द्यायचा याची सोय आधी करावी लागते.

हातात धरता येईल असं यंत्र बनवत असाल, म्हणजे रक्तदाब मोजणारं, डोळ्याचा पडदा बघणारं, तर विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना बघा. नमुना तयार करायला १० लाखांपर्यंत मिळतात. स्टार्टअप इंडिया सीड फंड २०२१मध्ये ९४५ कोटींचा आला. कल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात नेण्यासाठी ५० लाखांपर्यंत, पण हे दुसरे ५० लाख कर्ज किंवा परिवर्तनीय रोख्याच्या रूपात असतात, म्हणजे फेडायचे किंवा त्याबदल्यात कंपनीतला हिस्सा द्यायचा असतो. मुलं हे ५० लाख अनुदानात धरून हिशोब मांडतात. तसं करू नका. शिवाय अर्जाच्या दिवशी कंपनीला दोन वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत अशी अट आहे. म्हणून कंपनीची नोंदणी घाईत करू नका. नोंदणी झाल्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. कुठल्याही योजनेची सध्या फेरी चालू आहे का, हे त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर बघूनच पुढं जा.

परदेशी पैशात गेट्स फाउंडेशनचं 'ग्रँड चॅलेंजेस एक्सप्लोरेशन्स' २००८ साली सुरू झालं. अर्ज फक्त दोन पानांचा असायचा, आधीचा डेटा असायलाच हवा असं नव्हतं, आणि सुरुवातीचं अनुदान एक लाख डॉलरचं. त्याच धर्तीवर आपल्याकडं जैवतंत्रज्ञान विभागाबरोबर 'ग्रँड चॅलेंजेस इंडिया' झालं. कॅनडा सरकारच्या पैशातून २०१०मध्ये 'ग्रँड चॅलेंजेस कॅनडा' उभं राहिलं. विकसनशील देशांतल्या लोकांनी स्वतः मांडलेल्या कल्पनांना त्यांनी एक लाख कॅनेडियन डॉलरपर्यंत बी-भांडवल दिलं. त्याच्या पुढच्या, काम वाढवण्याच्या टप्प्यात मात्र दुसऱ्या कुणीतरी जोडीनं पैसा घालावा अशी त्यांची अपेक्षा असते. मला ही अट चांगली वाटते. दुसरा भागीदार शोधताना प्रकल्पाचं पुढं काय होणार याचा विचार करावाच लागतो.

युनिसेफचा व्हेंचर फंडही बघण्यासारखा आहे. एक लाख डॉलरपर्यंत, हिस्सा न घेता. कंपनी युनिसेफचं काम चालतं त्या देशात नोंदलेली हवी, आणि भारत त्यात येतो. चालू स्थितीतला नमुना हवा आणि सॉफ्टवेअर ओपन सोर्स करावं लागतं. "कोड सगळ्यांना देऊन टाकला तर आपल्याकडं काय राहिलं?" असं मुलं विचारतात. मी म्हणते, जतमध्ये कोणत्या वस्तीवर संध्याकाळी किती वाजता फोन उचलला जातो, हे तुमच्या कोडमध्ये नाही. ते तुमच्याजवळच राहतं.

अमेरिकेच्या पैशाबद्दल आता वेगळं सांगायला हवं. जुन्या याद्यांमध्ये यूएसएडची, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेची, नावं सगळ्यात वर असतात. 'सेव्हिंग लाइव्ह्ज ॲट बर्थ', 'डेव्हलपमेंट इनोव्हेशन व्हेंचर्स', आपल्याकडं फिक्की या उद्योगांच्या संघटनेबरोबरचं 'मिलेनियम अलायन्स'. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली आणि १ जुलै २०२५ला यूएसएडचं स्वतंत्र अस्तित्वच संपलं. कित्येक देशांत चालू प्रकल्प मधेच थांबले. या नावांवर वेळ घालवू नका. आणि त्यातून हेही समजून घ्या की ज्या देणगीदारावर शंभर टक्के भिस्त आहे, त्याच्या देशातली एक निवडणूक संखच्या बाईचा फोन बंद करू शकते.

परदेशी पैशाला दुसरी मोठी अडचण आहे आणि ती फार थोडे जण आधी विचारात घेतात, ती म्हणजे एफसीआरए, परदेशी देणग्यांचा कायदा. ट्रस्ट किंवा संस्थेला परदेशातून देणगी घ्यायची तर गृह मंत्रालयाची नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख खर्च झालेले दाखवावे लागतात. २०२०च्या दुरुस्तीनंतर पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात येतो आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पण जतसारख्या ठिकाणी सगळ्यात जास्त फटका बसला तो तिसऱ्या बदलाचा. एका संस्थेला मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मुंबई-पुण्याची मोठी संस्था पैसा आणायची आणि लहान ट्रस्टला तालुक्यातलं काम द्यायची. तो रस्ता बंद झाला. लहान ट्रस्टकडं स्वतःची नोंदणी नाही आणि नोंदणी मिळवण्याइतका खर्च दाखवायला पैसा नाही. परदेशी संस्थेला अर्ज लिहायला घेण्याआधी सीएंना विचारा की तो पैसा आपल्याला घेता येतो का. कंपनी असली तरी विचारा.

आता आपल्या जिल्ह्याकडं येते, कारण टिकाऊ पैसा इथं आहे.

सीएसआर सगळ्यांना माहीत आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामाला द्यायचे. सांगलीत आणि साताऱ्यात अशा कंपन्या आहेत. एप्रिल २०२१पासून पैसा घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी करावी लागते. पण एक गोष्ट मी मीटिंगमध्ये सारखी सांगते. सीएसआरच्या नियमांत 'चालू प्रकल्प' अशी तरतूद आहे. सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढं तीन वर्षांपर्यंत तो चालू शकतो. कंपनीकडं मार्चमध्ये धावत जाऊन टॅबलेट मागण्यापेक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जा आणि फोनच्या बिलासाठी, आशाताईंच्या प्रवासासाठी असा चालू प्रकल्प मागा. टॅबलेटवर कंपनीचं नाव छापता येतं आणि फोनबिलावर येत नाही, म्हणून नकार येतो, हे खरं आहे. तरी मागायचं. समोरच्याला नीट समजावलं तर पटतं, मी तसं पटलेलं पाहिलंय.

आपल्याकडचे बहुतेक साखर कारखाने सहकारी आहेत. ते कंपनी कायद्याखाली येत नाहीत, त्यामुळं सीएसआरचं बंधन त्यांना लागू नाही. खासगी कारखान्यांपैकी जे त्या निकषात बसतात त्यांना लागू आहे. पण ऊसतोडीला आलेली बाई ज्या कारखान्याच्या हद्दीत चार-पाच महिने राहते, त्या कारखान्यानं कायदा सांगो न सांगो, तिच्या फोनच्या निरोपाचा खर्च उचलावा असं मला मनापासून वाटतं. गळिताच्या सगळ्या खर्चासमोर ही रक्कम फार छोटी आहे. हा विषय संचालक मंडळापुढं न्यायला स्थानिक माणूसच लागतो. कुठल्याही देणगीदाराच्या फॉर्मवर तो होणार नाही.

सगळ्यात महत्त्वाची राष्ट्रीय आरोग्य अभियानाची पीआयपी, म्हणजे कोणत्या कामाला किती पैसा हे ठरवणारा राज्याचा आराखडा. तो पूर्वी दर वर्षी व्हायचा, २०२२-२४पासून दोन वर्षांचा एकदम होतो. जिल्ह्यांकडून मागण्या राज्याला जातात, राज्याची केंद्राला, आणि मंजूर ओळींनाच पैसा मिळतो. जी गोष्ट पीआयपीत ओळ म्हणून आली ती टिकते. जी आली नाही, ती कितीही चांगली असली तरी कुणाच्या तरी उदारपणावर जगते. त्यामुळं पायलट सुरू करण्याआधी डीएचओंना, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, आणि जिल्हा परिषदेतल्या आरोग्य अभियानाच्या लोकांना भेटायचं. पायलट संपल्यावर अहवाल घेऊन गेलं तर ते म्हणतात, "चांगलं आहे, पण या आराखड्यात तर आता बसत नाही," आणि त्यांचं बरोबर असतं.

जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी वेगळा हिस्सा असतो. पालकमंत्री ज्या जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात, तिथं हे ठरतं. प्रस्ताव खात्यामार्फत जावा लागतो, संस्थेनं थेट दिला तर पुढं सरकत नाही. राज्याच्या इनोव्हेशन सोसायटीच्या स्टार्टअप वीकमध्ये निवड झालेल्यांना सरकारी खात्याचं ठरावीक रकमेपर्यंतचं काम मिळतं. ही रक्कम अनुदानापेक्षा लहान वाटेल, पण मी तिला जास्त मानते. अनुदान म्हणजे कुणीतरी तुमच्यावर ठेवलेला विश्वास, आणि कार्यादेश म्हणजे खात्यानं तुमची वस्तू विकत घेतलेली. पुढच्या निविदेत तो कागद कामाला येतो.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा एक मार्गही आहे. २७ सप्टेंबर २०२१ला ते देशभर सुरू झालं, त्यात प्रत्येकाला मिळणारा आरोग्य ओळख क्रमांक म्हणजे आभा, १४ अंकी. जानेवारी २०२३पासून त्यांची प्रोत्साहन योजना आली. रुग्णालयं, लॅब आणि त्यांना सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपन्या, सगळ्यांना आभाशी जोडलेल्या नोंदींमागं, ठरवलेल्या संख्येच्या वर, पैसे मिळतात. मुदत वेळोवेळी वाढवली गेली, म्हणून चालू स्थिती तपासा. जतच्या कामात ऊसतोडीची नोंद आभाला जोडली गेली तर वाळव्याच्या सिस्टरला बाईच्या संमतीनं तिचे जुने कागद दिसतील. त्या दृष्टीनं हा मार्ग पैशापेक्षाही मोठा आहे. फक्त संमती खरी घ्या. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यासाठी म्हणून तर घ्याच, पण त्याहून जास्त म्हणजे अंगावरून जातंय का या प्रश्नाचं उत्तर ती नवऱ्याच्या फोनवरून देत असते.

ॲप आजार ओळखतं असा दावा करणार असाल तर आणखी एक खर्च धरा. एप्रिल २०२०पासून सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत आलंय, आणि परवान्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतं.

अंदाजपत्रक कसं लिहायचं एवढं सांगते. आशाताईंच्या वेळेचा मोबदला पहिल्या पानावर घाला. 'प्रशिक्षण' या ओळीत लपवू नका. त्यांना आधीच कामाप्रमाणं मोबदला मिळतो आणि प्रत्येक नवं ॲप त्यांच्याकडून फुकट काम करून घेत असतं. भाषेचा खर्च वेगळा दाखवा, एकदा नव्हे, दोनदा रेकॉर्डिंग होणार हे धरून. फोन आणि एसएमएसचं बिल अनुदान संपल्यानंतरच्या सहा महिन्यांसाठीही मागा. काही देणगीदार नाही म्हणतील, काही देतील, पण मागितल्याशिवाय कुणीच देत नाही. आणि शेवटी एक आकडा काढा: एका बाईमागं, नोंदणीपासून मूल वर्षाचं होईपर्यंत, एकूण किती खर्च. डीएचओंना याच आकड्यावर निर्णय घेता येतो. सॉफ्टवेअर बनवायला किती लागले हा त्यांचा प्रश्न नसतो.

जतच्या कामाचा हा आकडा मी काम बंद पडायच्या आधीच्या महिन्यांच्या व्हाउचरांवरून काढून ठेवलाय. डॉक्टरांनी जिल्हा परिषदेला पत्र दिलंय, मुलांनी कोड जपून ठेवलाय, आशाताईंकडं बायकांच्या नोंदी आहेत. पुढच्या पीआयपीच्या मागण्या गोळा व्हायच्या आधी हा प्रस्ताव खात्यामार्फत जायला हवा. कवठेमहांकाळ, आटपाडी, माण, खटाव या भागांतूनही बायका ऊसतोडीला जातात. तिथं कुणी अशाच कामात असेल तर त्यांनी आपापल्या तालुक्याचा आकडा घेऊन यावं. सांगलीचे आपण सांगलीत मांडू, साताऱ्याचे साताऱ्यात, पण प्रस्तावाचा मसुदा आणि खर्चाचा तक्ता एकच ठेवू. तो तक्ता मी करून देईन.